चौथा माणूस हवा

फ्रीजच्या दारावर, कोणाचं तरी दही कोणीतरी खाल्लं
त्या तक्रारीच्या खाली, एक चिठ्ठी होती:
चौथा माणूस हवा. कर्लिंग. मंगळवारी सातला.
अनुभवाची अट नाही.

मला वाटलं, केसांचं काहीतरी असेल.

सास्काटूनला येऊन दीड वर्ष झालं होतं.
तळघरातल्या प्रयोगशाळेत गव्हाच्या शेतातली माती चाळायची,
तिच्यातला नत्र मोजायचा, डब्यांवर तारखा घालायच्या.
डबे मला ओळखत होते.
बाकी बोलणं लिफ्टमधलं:
थंडी आहे. हो, थंडी आहे.
उणे एकतीसला ही बातमी कोणालाच नवी नसते.

चिठ्ठीच्या तळाशी नंबराच्या पट्ट्या कापल्या होत्या, आठ.
आठही जागच्या जागी. चिठ्ठी नोव्हेंबरातली,
आणि आता जानेवारी संपत आलेला.
एक मी फाडली.

मार्लिस त्काचुक. कचेरीत आमच्या पगाराचे कागद बघणारी.
तिनं माझ्या बुटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि माझ्या हातात झाडू दिला.

आईनं फोनवर विचारलं, मंगळवारी कुठे असतेस गं?
म्हटलं, बर्फ झाडते.
पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग हळूच: स्कॉलरशिप बंद झाली का?

सांगितलं तिला, मला कळलं होतं तेवढं.
वीस किलोचा दगड असतो, वर मूठ, केटलीसारखा.
एक जण तो सोडून देतो.
दोघांनी त्याच्या पुढे पुढे बर्फ घासत पळायचं.
दगडाला हात लावायचा नाही, झाडूही नाही,
त्याच्या पुढची वीतभर वाट
जराशी कोमट करायची, बस.
जातो तो आपला आपणच.
पण चार हात लांब जातो.

आणि पलीकडच्या टोकाला मार्लिस, दोन्ही हात तोंडाशी:
हरी! हरी!
पहिल्या वेळी मी थबकलेच.
घाई कर, एवढंच असतं ते.
पण इतक्या कळवळ्यानं त्याला हाक मारलेली
मी घरीसुद्धा ऐकली नव्हती.

तिसऱ्या मंगळवारी पशुवैद्यकवाल्यांशी गाठ.
शेवटचा दगड लायलचा. झाडायला जोसेट आणि मी.
अर्ध्या वाटेत माझ्या झाडूचं टोक त्याला लागलं. इतकंसं.
कोणी पाहिलं नव्हतं.
इथे पंच नसतो. ज्याचा लागला त्यानं सांगायचं.
दगड चालला होता, सुंदर चालला होता,
वर्तुळाच्या पार मधोमध बसला असता.

लागला, मी म्हणाले. आवाजच फुटेना.
मग ओरडले: माझा झाडू लागला!
मराठीत. दीड वर्षातलं माझं सगळ्यात मोठं वाक्य.
जोसेटनं बूट आडवा घालून दगड अडवला.

हरलो.
जिंकलेल्यांनी हरलेल्यांना पाजायचं, ही इथली रीत.
गायींच्या खुरांवर पीएचडी करणारा एक लांबुडका टॉर्बेन
माझ्यासाठी गरम सायडर घेऊन आला.
काय ओरडलीस ते पुन्हा म्हण, म्हणाला.
झाडू.
जादू, म्हणाला तो.
पुन्हा सांगितलं. पुन्हा जादू.
मग मीही सोडून दिलं.

गाडी तापेपर्यंत लायलला विचारलं,
दांड्यावर चिकटपट्टीत लिहिलंय, ओ. टी., ते कोण?
ओरेस्ट. मार्लिसचा नवरा. ऑक्टोबरात गेला.
एवढं बोलून तो काच खरवडत राहिला,
साफ झाल्यावरही.

बुधवारी सकाळी फ्रीजवरची चिठ्ठी मी काढली,
उरलेल्या सात पट्ट्यांसकट, घडी करून खिशात.
दह्याची तक्रार तिथेच होती, कडा वळलेली.
तिच्याखाली पेननं लिहिलं:
मी खाल्लं. नोव्हेंबरात, रात्री दोनला.
एक डबा देणं लागते.

खाली नाव. आडनावासकट.